कुलवृत्तांताच्या नवीन आवृत्तीला पैसे द्यावेत का?

कोपऱ्यातला_झोपाळा:
आमच्या कुलमंडळाच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय, नवीन आवृत्ती काढायचीय, घरटी अडीच हजार द्या. म्हणून आजोबांच्या कपाटातला जुना कुलवृत्तांत काढून चाळला. मूळ गाव, गोत्र, कुलस्वामिनी, मग घराणं १, घराणं २, सगळं झकास. आता आमचं पान. माझी मोठी आत्या, जिने आजोबा गेल्यावर शाळेत नोकरी करून तीन भावांना शिकवलं, तिला एक ओळ. नाव, सासरचं आडनाव, पूर्णविराम. ते एकवेळ सोडा, पण चुलत आजोबांच्या नावापुढे चक्क "निर्वंश" छापलंय, आणि त्यांच्या दोन मुली आजही ठणठणीत आहेत, मागच्या दिवाळीला आमच्याकडे जेवून गेल्या. निर्वंश कसे हो? मी पैसे देणार नाही म्हणून कळवलंय. चुकलं का माझं?

जुनं_ते_सोनं:
चुकलंच. तो ग्रंथ ज्यांनी केला त्यांनी पदरमोड करून घरोघर पोस्टकार्डं पाठवली असतील, निम्म्यांनी उत्तरंही दिली नसतील, एसटीने कोकणातली गावं पालथी घातली असतील, त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या वह्यांत लेख शोधले असतील. आज तुम्ही पंख्याखाली बसून चुका काढताय. आणि मुलींच्या मुलांचं म्हणाल तर ती त्यांच्या बापाच्या कुळात येतातच की, प्रत्येकाला दोनदा छापलं तर ग्रंथ हजार पानांवर जाईल. यात मुलींचा अपमान कुठे आला, साधी सोय आहे. "निर्वंश" शब्द मात्र काढायला हवा, मान्य.

पंचगंगेकाठी:
तुमचं बरं चाललंय, छापायचं का नाही यावर वाद. आमच्याकडं पुस्तकबिस्तक कधी नव्हतं. हेळवी यायचे, बैल घेऊन, सुगी झाली की. दारात बसून आज्ज्याच्या आज्ज्यापासनं नावं घडाघडा वाचायचे, नवीन पोरं चोपडीत चढवायचे आन् जोंधळं घेऊन जायचे. लहानपणी आम्ही हसायचो त्यांना. आता जात पडताळणीला ओबीसीचा १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात तेव्हा कळतंय. आज्ज्याचा शाळेचा दाखला सापडला तर त्यावर आडनाव वेगळंच, कोतवाल बुकातली, म्हंजे गावच्या जन्ममृत्यूच्या वहीतली, नोंद मोडीत, मोडी वाचणारा मिळंना, मिळाला तर त्याची तारीख मिळंना. २०२३ ला कुणबी नोंदी शोधायला न्या. शिंदे समिती बसली तेव्हापासनं तर मोडी वाचणाऱ्याला जावयासारखा मान आहे. हौसेची गोष्ट नाही ही राव, पोराच्या ॲडमिशनची आहे.

उलट_तपासणी:
वरच्या प्रतिसादातच उत्तर आलंय. वंशावळ कधीच नुसती आठवण म्हणून लिहिली गेली नाही, काहीतरी पदरात पाडून घ्यायला लिहिली गेली. पाटीलकी, देशमुखी, कुलकर्ण याच्या भांडणात दोन्ही बाजू आपापला करीना, म्हणजे घराण्याची लेखी हकीकत, घेऊन गोतापुढे, म्हणजे निवाडा करणाऱ्या गावसभेपुढे, उभ्या राहायच्या, दोघांचीही वंशावळ पक्की, आणि एक तरी खोटी असणारच. इंग्रजांनी इनाम जमिनींचे हक्क तपासायला १८५२ ला इनाम कमिशन नेमलं तेव्हा परत तेच, दाखवा कागद, सिद्ध करा वारस. दत्तकाला औरस करा, भाऊबंदाला गाळा. फार काय, १६७४ ला राज्याभिषेकाच्या वेळी खुद्द शिवाजी महाराजांना मेवाडच्या सिसोदिया राजपुतांशी नातं सांगणारी वंशावळ पुढे ठेवावी लागली, ती खरी की जुळवलेली यावर अजून वाद चालतात. एवढं कर्तृत्व असून कागद लागला! त्यामुळे मला कुलवृत्तांत म्हणजे इतिहास वाटतच नाही. अर्ज वाटतो.

जुनं_ते_सोनं:
@उलट_तपासणी, अर्ज तर अर्ज. तुम्ही तरी पणजोबांचं नाव कुठून सांगणार होतात?

तिखट_मीठ_लिंबू:
माझी मावसजाऊ मॉरिशसची मराठी. तिचे पूर्वज कंत्राटी मजूर म्हणून मुंबई बंदरातून उसाच्या मळ्यात गेलेले. मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये ते सगळे जुने रजिस्टर ठेवलेत, तिथे तिला तिची खापरपणजी सापडली. बाईला स्वतःचा नंबर, बापाचं नाव, गाव, वय, जहाज. मळ्यात राबवायला नेलेल्या बाईचं एवढं लिहून ठेवलं, कारण ती मोजायची होती, प्रेम वगैरे काही नाही. तरी पण सापडली ना! माझी खापरपणजी इथेच सातारा जिल्ह्यात जगली-मेली आणि मला तिचं माहेरचं नावसुद्धा माहीत नाही. सासरी आल्यावर नावच बदलायचे, शोधणार कसं.

कोपऱ्यातला_झोपाळा:
@जुनं_ते_सोनं, दोनदा छापायची अडचण म्हणता ना, मग हे ऐका. आमची गावची जमीन. आजोबांच्या माघारी वारस नोंद करायची होती तेव्हा तलाठ्याकडे वंशावळीचं प्रतिज्ञापत्र दिलं, त्यात आत्या होती. चुलत आजोबांच्या दोघी मुलीही होत्या त्यांच्या वडलांच्या खाली, व्यवस्थित, वयासकट. तिथे कोणाला पानं कमी पडली नाहीत. आणि त्यानंतर महिन्याभरात तिघींना गाडी पाठवून तालुक्याला नेलं, हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या, येताना साड्या दिल्या. गाडी मीच चालवत होतो.

पंचगंगेकाठी:
आमच्यातबी साडीच देतात.

जुनं_ते_सोनं:
यावर काय बोलणार. पण मग पैसे देऊन संपादक मंडळात घुसा आणि दोघींची पानं स्वतः लिहा, बाहेर बसून "निर्वंश" तसाच राहील.