शब्दचर्चा : 'क्रॉसओवर'ला मराठीत काय म्हणावं?

अमेरिकेतले जॅझ, ब्लूज आणि कंट्री हे संगीतप्रकार सुरुवातीला एकमेकांत कसे मिसळले यावर लेख लिहितोय. 'क्रॉसओवर'पाशी, म्हणजे एका प्रकाराचं दुसऱ्यात जाणं, यापाशी गाडी अडलीय. 'संकर' लिहिलं की बियाण्याची पिशवी आठवते, 'मिलाफ' फारच गोडगोड. सुचवा.

– 'संकर' नकोच. दोन वेगळ्या जाती आधी होत्या आणि मग त्या एकत्र आल्या, असं त्यात गृहीत धरलंय. इथे उलटं आहे. बँजो मुळात आफ्रिकेतून आलेल्या लोकांचं वाद्य, आणि ते वाजवणारे गोरेही अमेरिकेच्या दक्षिणेत गावोगाव होते. कप्पे पाडले ते 1920 नंतर रेकॉर्ड कंपन्यांनी : कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांसाठी 'रेस', खेड्यातल्या गोऱ्यांसाठी 'हिलबिली'. ॲलन बंधू हे टेनेसीतल्या चॅटनूगाकडचे गोरे गायक. 1927 साली मुद्रित केलेलं त्यांचं ब्लूज गाणं कोलंबिया कंपनीने रेस मालिकेत काढलं. भाऊ असे भडकले की कोर्टाची भाषा केली आणि पुढे व्हिक्टर या दुसऱ्या कंपनीकडे गेले. कंपनीच्या कानाला फरक कळला नव्हता, बोला!

– जरा विषयांतर. 'रेस रेकॉर्ड'चं 'शर्यतीची तबकडी' असं भाषांतर कृपया कुणी करू नका. इथे रेस म्हणजे वंश, आणि त्या काळच्या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांत हा शब्द अभिमानाने वापरला जाई. 'हिलबिली'ला मात्र आपल्या 'गावंढळ'चा वास आहे. बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-साप्ताहिकाने 1949 मध्ये लोकप्रिय गाण्यांच्या आपल्या याद्यांना 'रिदम अँड ब्लूज' आणि 'कंट्री अँड वेस्टर्न' ही नावं दिली.

– मग 'सरमिसळ' का नको? गोरा कंट्री गायक जिमी रॉजर्स याचं 'ब्लू योडल नं. 9' ऐका. 16 जुलै 1930, हॉलिवूड. ट्रम्पेटवर कृष्णवर्णीय जॅझ वादक लुई आर्मस्ट्राँग, पियानोवर लिल हार्डिन आर्मस्ट्राँग. बांधणी ब्लूजची, शब्दांत मेम्फिस शहरातला नाका, आणि कडव्याअखेरीस योडल, म्हणजे आवाज झटक्यात वरखाली नेत गाणं. रॉजर्स मात्रा मोजून गाणारा नव्हेच, मनाला येईल तिथे ओळ लांबवायचा. तरी तो श्वास घेतो तेवढ्यात ट्रम्पेट उत्तर देऊन मोकळी होते. आपल्याकडे हार्मोनियमवाला गवयाला सांभाळून घेतो ना, तस्सं.

– ऐकायला सरमिसळ, कबूल. पण तबकडीच्या लेबलवर आर्मस्ट्राँगचं नाव नव्हतं. 'सरमिसळ' म्हटलं की हे झाकलं जातं.

– मग 'उसनवारी'?

– उसनं परत करायचं असतं हो. 'देवघेव' घ्या, तीत कुणाला किती मिळालं हे विचारायला जागा राहते. आणि लोकप्रियतेच्या एका यादीतलं गाणं दुसऱ्या यादीत चढतं, त्या धंद्यातल्या अर्थाने 'क्रॉसओवर'च ठेवा. 1930च्या गाण्यांना मात्र तो लावू नका.

– शीर्षकात 'देवघेव' टाकतो. ॲलन बंधूंचा किस्साही घेतो.