वाचताना सगळं कळतं, पुस्तक मिटलं की कोरं! पहिल्या वर्षाचा अभ्यास नक्की कसा करायचा?

कोरीवही:
मेडिकलच्या पहिल्या वर्षाला आहे. पुढे मेडिसिनच करायचंय, फिजिशियनच व्हायचंय हे कधीपासून पक्कं आहे, त्यामुळे मेहनतीचा कंटाळा अजिबात नाही. पण होतं काय की अ‍ॅनाटॉमीचा चॅप्टर तासन् तास बसून वाचते, हायलाईट करते, वाचताना सगळं व्यवस्थित कळत असतं, आणि दोन दिवसांनी व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, साधा प्रश्न आला तरी तोंडातून शब्द फुटत नाही, म्हणजे पान डोळ्यासमोर दिसतं, कुठल्या कोपऱ्यात लिहिलंय तेही आठवतं पण लिहिलंय काय ते नाही. बॅचमधले काही जण एकदा वाचून धडाधड सांगतात. तास वाढवून बघितले, झोप कमी केली, फरक नाही पडला. मला भीती मार्कांची कमी आणि याची जास्त वाटते की उद्या पेशंट समोर असेल आणि तेव्हाही असंच झालं तर? सिनियर्सनी प्लीज मनापासून सांगा.

वॉर्डातली_ताई:
अगं आधी एक सांगते, तुझी बुद्धी किंवा मेमरी खराब नाहीये. तू जे करतेयस त्याने ओळख पक्की होते, आठवण नाही. पान पुन्हा समोर आलं की मेंदू म्हणतो हो हे माहितीये, आणि आपल्याला वाटतं झालं पाठ. पण व्हायवात आणि वॉर्डात पान समोर नसतं ना.

२००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. काहींना उतारा पुन्हा वाचायला दिला, काहींना वाचून झाल्यावर न बघता आठवेल तेवढं लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर चित्र उलटं, आठवून लिहिणारे पुढे! यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की पुन्हा वाचणाऱ्यांना त्या क्षणी खरंच जास्त येत होतं, म्हणूनच तर ती पद्धत सुटत नाही.

तर वाच, पण थोडं. चार-पाच पानं झाली की पुस्तक मीट आणि कोऱ्या कागदावर जे आठवेल ते लिही, आकृती काढ, नाहीतर भिंतीशी बोल. अडकलीस की लगेच उघडू नकोस, जरा ताण दे डोक्याला, मग बघ. जे सुटलं तेवढंच परत वाच. आणि तेच दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, परत न बघता. सुरुवातीला फार वाईट वाटतं कारण निम्मं आठवतच नाही, तिथेच बरेच जण सोडून देतात.

दुसरं म्हणजे प्रश्न पेशंटचा करून विचार. रेडियल नर्व्हचा कोर्स, म्हणजे ही नस हातात कुठून कशी जाते ते, पाठ करायला गेलीस तर ती नुसती यादी आहे. त्यापेक्षा असं विचार, दंडाचं हाड मधोमध मोडलंय, पेशंटचं मनगट खाली पडलंय, उचलता येत नाही, पण कोपर मात्र सरळ करता येतंय, असं का? उत्तर शोधताना आपोआप कळतं की ट्रायसेप्सला, म्हणजे कोपर सरळ करणाऱ्या स्नायूला, जाणाऱ्या बऱ्याच फांद्या स्पायरल ग्रूव्हच्या (दंडाच्या हाडावरची खाच, जिथून ही नस जाते) आधीच निघालेल्या असतात आणि मनगट उचलणाऱ्या स्नायूंच्या फांद्या खाली निघतात. हे एकदा असं कळलं ना की कोर्स वेगळा पाठ करावा लागत नाही. पेशंटसमोर काय होईल म्हणतेस ना, त्याची तयारी आत्तापासून अशीच होते.

पानवेल:
ताईंचं पटतंय पण एक गोष्ट जोडतो, कारण हे वाचून खूप जण लगेच अ‍ॅन्की, म्हणजे प्रश्नोत्तरांच्या कार्डांचं अ‍ॅप, डाउनलोड करून दुसऱ्याचं तयार डेक घेतात आणि कार्डं बडवत बसतात. न समजलेल्या गोष्टीचं कार्ड करू नये असं माझं ठाम मत आहे. शेकडो कार्डं साठतात, दोन दिवस चुकले की डोंगर, मग अ‍ॅपच उघडवत नाही.

उदाहरण देतो, ऑक्सिजन डिसोसिएशन कर्व्ह, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन किती धरून ठेवतं ते दाखवणारा आलेख. कार्बन डायऑक्साइड वाढला, अ‍ॅसिड वाढलं, तापमान वाढलं की कर्व्ह उजवीकडे सरकतो, ही तीन वेगळी कार्डं झाली आणि परीक्षेत उजवं-डावं हमखास उलटं होतं. आता पळणाऱ्या माणसाच्या मांडीचा स्नायू डोळ्यासमोर आण. तिथे उष्णता वाढलीये, अ‍ॅसिड वाढलंय, कार्बन डायऑक्साइड पण. त्याला ऑक्सिजन जास्त हवाय म्हणजे हिमोग्लोबिनने पकड सैल करायला हवी. पकड सैल म्हणजेच कर्व्ह उजवीकडे. संपलं, आता पाठ काय करायचं यात? कार्डं ठेवायची ती ज्याला कारण नाही त्याच्यासाठी, नावं, आकडे, एन्झाइम्स.

आणि हायलाईटर खरंच बाजूला ठेव काही दिवस.

रात्रपाळी:
वरच्या दोघांनी अभ्यासाचं सांगितलंय, मला तुझ्या पोस्टमधलं "झोप कमी केली" हे खटकलं. ते आधी थांबव. दिवसभरात शिकलेलं मेंदूत पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत होतं, त्यामुळे झोप कापून वाचलेलं म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणं आहे. परीक्षेच्या आदल्या रात्रीपण झोप, हे मी माझ्या प्रत्येक ज्युनियरला सांगतो आणि फार थोडे ऐकतात.

बॅचमेट्सचं म्हणशील तर ते आधी काय शिकून आलेत, रात्री किती वेळा उजळणी करतात हे तुला दिसत नाही, तुला फक्त व्हायवातली दोन मिनिटं दिसतात. त्यातल्याच एकाला पार्टनर कर, एकमेकांना प्रश्न विचारा. येत नसेल तेव्हा सरळ "नाही येत, बघून सांगते" म्हणायची सवय लाव, मला तर ही सवय सगळ्या विषयांपेक्षा मोठी वाटते कारण पुढे अंदाजाने ठोकून दिलेल्या उत्तराची किंमत पेशंटला मोजावी लागते.

अजून एक, फिजिशियन व्हायचंय ना मग स्वतःच्या शरीरावर शिक. डाव्या हाताचं मधलं बोट छातीवर घट्ट टेकव, उजव्या हाताच्या मधल्या बोटाने त्यावर ठोक, उजव्या बाजूला वरून खाली येत जा. पोकळ आवाज जिथे बद्द होतो, साधारण पाचव्या बरगडीच्या आसपास, तिथे आत लिव्हर सुरू झालं. छातीवर ठोकून तपासायची मूळ पद्धत (तेव्हा बोटं थेट छातीवरच ठोकायची) ऑएनब्रुगर नावाच्या डॉक्टरने १७६१ मध्ये व्हिएन्नात छापली आणि कित्येक वर्षं कुणी फारसं लक्षच दिलं नाही, १८०८ मध्ये कॉर्व्हिसार या फ्रेंच डॉक्टरने फ्रेंच भाषांतर केल्यावर ती पसरली. पुस्तकात लिव्हरची सरफेस अ‍ॅनाटॉमी (बाहेरून बघता ते आत कुठे असतं) वाचणं आणि स्वतःच्या बोटाखाली तो आवाज बदलताना ऐकणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, करून बघच.

कोरीवही:
सगळ्यांचे खूप आभार, खरंच धीर आला. आज पुस्तक मिटून ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं, काढायला घेतला, सी५ ते टी१ पाच रूट्स (मुळं), त्यांचे तीन ट्रंक्स (खोडं) इथपर्यंत आलं आणि डिव्हिजन्सनंतर (ट्रंक्सचे फाटे) सगळा गुंता झाला. हा असाच परत परत काढत राहू की काही युक्ती आहे?

वॉर्डातली_ताई:
काढत रहाच, पण उलटीकडून सुरू कर. आधी काखेपाशी एक मोठा एम काढ. त्याचा बाहेरचा पाय मस्क्युलोक्युटेनियस, मधलं टोक मीडियन, आतला पाय अल्नर. एमच्या बाहेरच्या खांद्याला लॅटरल कॉर्ड (फाटे एकत्र येऊन झालेला दोर) येते, आतल्या खांद्याला मीडियल. आता मागे जा. वरच्या आणि मधल्या ट्रंकचे पुढचे भाग मिळून लॅटरल, खालच्याचा पुढचा एकटा मीडियल, आणि तिघांचे मागचे भाग मिळून पोस्टेरियर कॉर्ड, जिच्यातून अ‍ॅक्सिलरी आणि रेडियल निघतात. म्हणजे सहा डिव्हिजन्स झाल्या बघ. उद्या सकाळी न बघता काढ आणि कुठे अडलीस ते इथे लिही, तिथून पुढे बघू.