परदेशात सुट्टीचं घर घेतलंत? गाडीही घेतलीत? तुमचे अनुभव सांगा

मुलगी बाहेर, आम्ही दोघं निवृत्त, वर्षातले दोन-तीन महिने तिकडेच जातात. मग घरात पुन्हा पुन्हा तोच विषय निघतो: छोटंसं घर आणि एखादी जुनी गाडी घेऊन ठेवावी का? एजंटांकडून सगळं गोडच ऐकायला मिळतं. म्हणून ज्यांनी तिथला रहिवासी परवाना नसताना, निव्वळ पाहुणे म्हणून खरेदी केली, त्यांनी लिहावं ही विनंती. किंमत नाही सांगितली तरी चालेल, कुठे अडलं ते सांगा. आणि गाडीबद्दल आवर्जून लिहा, त्याबद्दल कुणी बोलतच नाही.

*

आमचं घर स्पेनमध्ये, आलिकांते प्रांतातल्या तोरेविएखात. २०१९ साली घेतलं, दोन खोल्या आणि समुद्राकडे तोंड करून एक गॅलरी. खरेदी सोपी गेली असंच म्हणेन. परकीयांना तिथे एनआयई नावाचा नंबर लागतो, तो मुंबईच्या स्पॅनिश वकिलातीतून मिळाला. खर्चाचा अंदाज मात्र चुकला. आपल्या स्टँप ड्युटीच्या हिशोबाने गेलो होतो, तिथे जुन्या घरावर तेव्हा १० टक्के हस्तांतरण कर होता. नोटरी, नोंदणी आणि वकील वेगळे.

तिथला नोटरी म्हणजे कोर्टाबाहेर शिक्का मारून देणारा नव्हे. त्याने आम्हाला समोर बसवून अख्खं खरेदीखत मोठ्याने वाचलं, शेजारी दुभाषी बाई एकेक परिच्छेद इंग्रजीत सांगत होत्या. तास गेला. मग विकणाऱ्या आजींनी पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि एकेक किल्ली सुटी करून टेबलावर मांडली: मुख्य दार, गच्ची, टपालपेटी. टपालपेटीची किल्ली देताना त्यांचे डोळे भरून आले. ही बोट धरून बसली त्यांचं, भाषा एक शब्द कळत नसताना.

वकील स्वतःचा ठेवा, विकणाऱ्याच्या एजंटाने सुचवलेला नको. आमच्या वकिलाने सोसायटीकडून थकबाकी नसल्याचा दाखला मागितला म्हणून वाचलो. चालू वर्षाची आणि त्याआधीच्या तीन वर्षांची थकीत वर्गणी तिथे घराबरोबर नव्या मालकाच्या गळ्यात येते.

आता गाडी. घरासाठी एनआयई पुरला, पण गाडी नावावर करायला तिथला पत्ता सिद्ध करावा लागतो. आमचं खरेदीखत होतं म्हणून झालं, नुसत्या पासपोर्टवर झालं नसतं. विम्याला तीन ठिकाणी नकार मिळाला, कारण लायसन्स भारतीय. चौथ्याने आंतरराष्ट्रीय परवाना पाहून दिला. तो परवाना आपल्या आरटीओकडून एकाच वर्षाचा मिळतो, त्यामुळे दर खेपेला निघण्याआधी ती फेरी आलीच. शिवाय गाडी नुसती उभी असली तरी तिथे विमा सक्तीचा. आठ महिने आम्ही पुण्यात आणि हप्ते तिकडे चालू. परत गेलो तेव्हा बॅटरी उतरलेली, टायर बसलेले, आणि तपासणीची मुदतही उलटलेली. दहा वर्षांवरच्या गाडीला ती दरवर्षी करावी लागते. दुसऱ्या वर्षी गाडी शेजाऱ्याला विकली. आता भाड्याने घेतो आणि सुखी आहोत.

घर भाड्याने न देता रिकामं ठेवलं तरी अनिवासी मालकाला दरवर्षी आयकराचं विवरण भरावं लागतं, हे आम्हाला दोन वर्षांनी कळलं. दंडासकट भरलं. आणि घर आपलं असलं तरी शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाचा, नियम तोच: १८० दिवसांत ९० दिवस मुक्काम. घर घेऊन गोल्डन व्हिसा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, मिळायचा, तो स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये बंद केला.

*

दुबईबद्दल थोडक्यात. घर पासपोर्टवर मिळालं, नोंदणी शुल्क ४ टक्के, आणि मालकीपत्र त्याच दिवशी हातात. इतकी सुटसुटीत खरेदी मी ठाण्यातही केली नाही. पण गाडी नावावर करायला एमिरेट्स आयडी, म्हणजे तिथल्या रहिवाशांचं ओळखपत्र, हवं, ते पाहुण्याकडे नसतं. त्यामुळे तो विषय तिथेच मिटला.

बंद घराचं मात्र सांगते. पहिल्या उन्हाळ्यात पैसे वाचवायला एसी पूर्ण बंद करून आलो. ऑक्टोबरात दार उघडलं तर कुबट वासाने आत पाऊल टाकवेना. कपाटातल्या चादरींवर हिरवी बुरशी, लाकडी दारं फुगलेली. तेव्हापासून एसी मंद चालू ठेवतो आणि त्याचं बिल सर्व्हिस चार्जच्या वर वेगळं धरतो. नव्या इमारतीत बुकिंग करणाऱ्यांनी पैसे प्रकल्पाच्या एस्क्रो, म्हणजे राखीव, खात्यातच भरावेत, दुसऱ्या कुठल्याही खात्यात नाही.

*

पैसे पाठवण्याचं कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. आम्ही दोघं सहमालक झालो, मार्चमध्ये अर्धे आणि एप्रिलमध्ये अर्धे पाठवले. त्यात ठरावीक रकमेच्या वर बँकेने २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला. तेव्हा ही करमर्यादा ७ लाख रुपयांची होती, एप्रिल २०२५ पासून १० लाखांची आहे. रिटर्न भरल्यावर वजावट मिळते, पण तोपर्यंत तेवढी रक्कम अडकते, आणि सौदा त्या फरकासाठी थांबत नाही. आमच्या मेहुण्यांची बयाणा रक्कम याच कारणाने गेली.

आणि कृपा करून आयकर रिटर्नमधलं शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, विसरू नका. परदेशातलं घर त्यात दाखवलं नाही तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो, पैसा पांढरा असला तरी.

*

कॅनडाचं एवढंच: परकीयांना घरखरेदीची बंदी २०२३ पासून आहे, पण ती शहरी पट्ट्यांत. तळ्याकाठची कॉटेज त्यात येत नाही हे कळून भावाला आनंद झाला होता. मग ओंटारियोचा अनिवासींवरचा २५ टक्के कर कळला आणि त्याने नाद सोडला.

*

आम्ही २०२१ मध्ये फ्लोरिडात डेव्हनपोर्टला घर घेतलं, लेक टँपाला असते म्हणून. व्हिसा साधा पाहुण्यांचा, बी-१/बी-२. घर घेतल्याने व्हिसात काही फरक पडत नाही.

आम्ही एका ठिकाणी चुकलो ते नीट सांगते. आधीच्या मालकाच्या प्रॉपर्टी टॅक्सची पावती पाहून आम्ही बजेट बांधलं. तो तिथे कायम राहत होता, त्याला होमस्टेड सवलत होती आणि करपात्र मूल्य वर्षाला ३ टक्क्यांहून जास्त वाढत नव्हतं. घर विकलं की मूल्य नव्याने ठरतं, आणि पाहुण्याला ती सवलत नाही. पुढच्या वर्षीचं बिल पाहून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. विमाही तसाच. साध्या पॉलिसीत पूर येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. २८ सप्टेंबर २०२२ ला इयन वादळ आलं ती रात्र आम्ही नाशिकला फोन हातात धरून काढली. घर वाचलं, कुंपण गेलं.

पुढे विकायचं झालं तर परकीय मालकाच्या विक्रीच्या रकमेतून साधारण १५ टक्के आधीच कापून घेतात, हेही डोक्यात असू द्या. त्यासाठी कर क्रमांक लागतो, तो आम्ही आत्ताच काढून ठेवला.

गाडी घेतली होती आम्ही, जुनी कोरोला. अमेरिकेत गाडी चालवल्याची नोंद नाही म्हणून विमा लेकीच्या दुप्पट. स्पेनच्या काकांसारखंच झालं, चार महिने वापर आणि आठ महिने गॅरेज. मार्चमध्ये विकली. तिथे नंबर प्लेट परत केल्याशिवाय विमा बंद करायचा नाही, नाहीतर लायसन्सवर गदा येते. विक्रीचे कागद झाल्यावर ह्यांनी ड्राइव्हवेत उकिडवं बसून चारही स्क्रू काढले. नात शेजारी प्लेट धरायला उभी. प्लेट जमा करून पावती घेतली आणि मग विमा कंपनीला फोन केला. पावतीचा फोटो ह्यांनी अजून फोनमध्ये ठेवलाय.