रॉयचा हात
'ब्लेड रनर' या विज्ञानपटात रॉय हा कृत्रिम माणूस त्याला मारायला आलेल्या डेकार्डला शेवटी का वाचवतो ते पटलं नाही, असं काहीजण म्हणतात. मला तर सिनेमाचा सगळा जीव त्याच प्रसंगात आहे असं वाटतं. रॉयला आयुष्य मिळालंय जेमतेम ४ वर्षांचं आणि तेही सरत आलंय. बोटं आखडू लागतात तेव्हा तळहातात खिळा खुपसून तो हात जागा ठेवतो. जगण्याचं मोल त्या घडीला त्याच्याइतकं कुणाला कळणार? मरताना रॉय जे बोलतो त्या ओळी त्याचं काम करणाऱ्या रुटगर हाउअरने स्वतः छाटल्या, पावसातल्या अश्रूंची उपमाही त्याचीच. १९८२च्या आवृत्तीत मात्र लगेच डेकार्डचं निवेदन सुरू होतं आणि सगळी शांतता मोडते. २००७ची 'फायनल कट' जरूर बघा. तिथे निवेदन नाही, पाऊस आणि व्हँजेलिसचं संगीत आहे.