पुण्याहून हरिहरेश्वर ते मालवण, किनाऱ्याकिनाऱ्याने, ५ दिवस – जमेल का?

सहलवेडी: नमस्कार मंडळी, डिसेंबरमध्ये आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, ९ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई (वय ६८, गुडघे दुखतात), स्वतःच्या कारने कोकणात जायचं म्हणतोय. वाळूत लोळून झालंय दरवर्षी अलिबागला, यावेळी कडे, घळी, खडकावर आपटणाऱ्या लाटा असलं काहीतरी बघायचंय. ताम्हिणीतून उतरून हरिहरेश्वर, मग किनारा धरून दापोली, गुहागर, रत्नागिरी आणि शेवटी मालवण असं ठरवलंय. गुगलवर तर सगळं जवळजवळच दिसतं. तारखा अजून पक्क्या नाहीत, दोघांचंही वर्क फ्रॉम होम आहे त्यामुळे सुट्टी मागेपुढे करता येईल.

भटक्या७: मालवण काढून टाका आधी. नकाशात जवळ दिसतं पण मधे खाड्या आहेत ना, प्रत्येक खाडीला एकतर जेटीवर फेरीची वाट बघा नाहीतर आत वळसा मारून या. तुमच्या रूटवर तीन फेरी लागतील, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड. गाडी सरळ बोटीत चढते, सासूबाईंना उतरायचीही गरज नाही, आणि पोरं तर त्यावरच खूश असतात. फक्त संध्याकाळी उशिरा जेटीवर पोचायचा प्लॅन करू नका, शेवटची फेरी गेली की बसा.

खारा_वारा: मालवण का काढायचं, आम्ही केलं होतं की ५ दिवसात, काही होत नाही

भटक्या७: केलं असेल हो, पण बघितलं काय? काचेतून नारळ?

गुहागरवाला: आमच्याकडचंच विचारताय म्हणून लिहितो. तुम्हाला कडे आणि लाटा बघायच्यात ना, मग किलोमीटर मोजू नका, तिथी बघा. आमच्याकडे जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. म्हणजे चतुर्थीला साधारण ३ ला भरती, अष्टमीला ६ ला, पहाटेपण आणि संध्याकाळीपण, आणि साधारण सहा तासांनी ओहोटी. थोडंफार इकडेतिकडे होतं पण चालतं.

आता गंमत अशी की हरिहरेश्वरला देवळामागचा प्रदक्षिणेचा रस्ता ओहोटीलाच करायचा, दोन कड्यांमधून पायऱ्या खाली उतरतात आणि मग समुद्राच्या कडेने खडकांवरून चालायचं, लाटांनी दगडाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं पाडलीत ती बघण्यासारखी आहेत. भरती चढायला लागली की तिथे अजिबात थांबायचं नाही, माणसं ओढली गेलीयत. सासूबाईंना देवळातच बसवा, त्या पायऱ्या गुडघ्यांच्या कामाच्या नाहीत.

आणि आमची हेदवीची बामणघळ नेमकी उलटी, ती भरतीलाच बघायची. खडकात उभी चीर आहे, लाट आत घुसते आणि कारंजासारखी वर उडते. ओहोटीला गेलात तर नुसती भेग दिसेल आणि म्हणाल एवढ्यासाठी आलो? त्यातही अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याला जोर नसतो. पुनवेला किंवा अवसेला उधाण, तेव्हा यायचं. मात्र ओल्या दगडांवर उभं राहून सेल्फी नको.

म्हणून द्वादशीला निघा. त्या दिवशी ९ ला भरती म्हणजे ३ च्या सुमारास ओहोटी, जेवून निवांत प्रदक्षिणा होते. त्रयोदशीला वेसवीला उतरून आंजर्ले, कड्यावरचा गणपती, मुक्काम दापोली. चतुर्दशीला दाभोळची फेरी, मुक्काम गुहागर. पुनवेला साडेअकरा-बाराला बामणघळ, तिथून तवसाळ जवळ आहे, पलीकडे जयगड.

सहलवेडी: बापरे, कालनिर्णय घेऊन बसले आत्ताच! मी एकादशीला निघणार होते पण सासूबाई म्हणाल्या उपासाच्या दिवशी प्रवास आणि वर तुम्ही समोर सुरमई खाणार, मला नाही चालायचं 😄 त्यामुळे द्वादशी फिक्स. मालवण कॅन्सल, नवरा जरा नाराज आहे. मग पाचव्या दिवशी काय करू?

जांभा: चौथ्या दिवशी जयगडहून रत्नागिरीला जाताना हायवेला जाऊ नका, गणपतीपुळे-आरे-वारे रस्ता घ्या. वर घाटात गाडी थांबवली की खाली दोन किनारे एकदम दिसतात, सासूबाईंना गाडीत बसूनसुद्धा दिसेल. पाचव्या दिवशी सकाळी पावस, पूर्णगड करत कशेळी. कनकादित्याचं देऊळ आहे, सूर्याचं, आणि जवळच देवघळीचा कडा, खाली छोटीशी वाळू आणि तिन्ही बाजूंनी काळे खडक, आमच्या मते अख्ख्या रूटमध्ये सगळ्यात भारी तेच. आणि सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळाच्या माळावर, कातळशिल्प आहे, जांभ्या दगडात कोरलेला सुमारे १८ मीटरचा हत्ती, मुलाला त्याच्या पोटात लहान लहान प्राणी शोधायला लावा, अर्धा तास आरामात जातो. युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत २०२२ मध्ये आलीत ही कोकणातली शिल्पं. दुपारी मात्र नको, सड्यावर झाड नाही की सावली नाही. तिथून राजापूरला हायवे गाठून अणुस्कुऱ्याने वर चढा.

सहलवेडी: अणुस्कुरा घाट रात्री कसा आहे? नवरा विचारतोय.

जांभा: रात्री नकोच. बाराला कशेळी सोडा.