मदत हवी आहे: जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्डवर गेमिंगसाठी लिनक्स मिंट की बझाइट (गेमिंगसाठी बनवलेलं लिनक्स)?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि माझा सातव्या पिढीचा आय५ विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. रॅम १६ जीबी, एसएसडी २५६ जीबीची, त्यामुळे ड्युअल बूट (एकाच पीसीवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम) नको.

लिनक्स मिंट टाकून पाहिलं. स्टीममध्ये प्रोटॉनवर (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं साधन) स्कायरिम सुरेख चालला. जुन्या एनटीएफएस (विंडोजचा फॉरमॅट) ड्राइव्हवरचे गेम मात्र ‘प्ले’ दाबलं की दोन सेकंदांत बंद! एक्स्ट४ वर (लिनक्सचा फॉरमॅट) हलवले, लगेच सुरू झाले. व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही हे माहीत आहे, तो खेळतही नाही.

अडलंय ते ड्रायव्हरपाशी. एनव्हिडियाच्या ५८० आवृत्तीनंतरच्या ड्रायव्हरमध्ये १०-सिरीज कार्डांना (१०६० त्यातलंच) सपोर्ट नाही. मग मिंटवरच ५८० धरून राहू, की बझाइट घेऊ? १०६० वर बझाइट रोज वापरणारं इथे कोणी आहे का, आणि अपडेटनंतर ड्रायव्हर नीट टिकतो का?