तैलरंगात पोर्ट्रेट शिकायचंय, कॉपी करायला कुठलं जुनं चित्र घ्यावं?

चारकोलवाली
लोकहो, सल्ला हवाय. पेन्सिल-चारकोलमध्ये चेहरे बऱ्यापैकी जमतात, पण तैलरंगाला अजून हात लावलेला नाही. नोकरीमुळे क्लास शक्य नाही, म्हणून एखाद्या जुन्या मास्टरचं पोर्ट्रेट कॉपी करत शिकायचं ठरवलंय. मनात डच चित्रकार व्हर्मीरची ती मोत्याचं कानातलं घातलेली मुलगी आहे. चेहरा साधा, मागे सगळं काळं, म्हणजे सोपं जाईल ना? आणि रंगांचा मोठा सेट घेऊ का? सातारला राहते.

कच्चा_उंबर
चित्र सुंदरच आहे, पण पहिलंच म्हणून नको घेऊस. त्यात नाकाचा कणा आणि शेजारचा गाल यांच्यामध्ये रेषच नाहीये, टोन एकमेकांत विरघळलेत, आणि ते विरघळवणं हेच तैलरंगातलं सगळ्यात अवघड काम. मागचं काळंही मुळात काळं नव्हतं. हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयाने 2018 साली चित्र तपासलं तेव्हा कळलं की तिथे हिरवा पडदा होता, नीळ आणि एका पिवळ्या वनस्पतिज रंगाच्या पारदर्शक थराने रंगवलेला, तो काळाच्या ओघात उतरला. म्हणजे तू जे कॉपी करशील ते व्हर्मीरने रंगवलेलं नसेलच.

माझं मत विचारशील तर स्पॅनिश चित्रकार वेलास्केझने काढलेलं हुआन दे पारेहाचं पोर्ट्रेट घे. 1650 मध्ये रोममध्ये काढलंय, आता न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये आहे आणि त्यांच्या साइटवरून मोठी इमेज फुकट डाउनलोड होते. पारेहा वेलास्केझच्या घरी गुलाम होता, स्टुडिओत मदतनीस होता आणि पुढे स्वतः चित्रकार झाला, ती नजर बघ एकदा. आपल्या दृष्टीने मोठा फायदा म्हणजे त्याची सावळी, तांबूस कातडी. गोऱ्या गुलाबी चेहऱ्यांच्या कॉप्या करून हात बसला की आपल्या घरातल्या माणसांची पोर्ट्रेट काढताना सगळे खडू फासल्यासारखे दिसतात, इथे तो प्रश्नच येत नाही.

सेट अजिबात नको. टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, लाइट रेड किंवा इंडियन रेड, रॉ अंबर, आयव्हरी ब्लॅक, बास. काळ्यात ऑकर मिसळलं की जो मातकट हिरवा येतो तो मागच्या भिंतीला आणि जबड्याच्या सावलीलाही चालतो. टायटॅनियम थंड आणि फार जोरकस असतो, त्यात चिमूटभर ऑकर घालूनच वापर.

कोकणी_ब्रश
वरच्यांशी बराचसा सहमत, पण ज्या चित्रावर जीव जडलाय ते सोडून दुसरं घेतलं तर अर्ध्यावर कंटाळा येतो हेही खरं. तुला व्हर्मीरच हवा असेल तर आख्खं चित्र न घेता नुसता मोती आणि मानेची सावली एवढाच तुकडा छोट्या बोर्डवर कर. मोठा करून बघितलास तर तो मोती म्हणजे वर एक जाड पांढरा ठिपका आणि खाली कॉलरचं मंद प्रतिबिंब, बस एवढंच, त्याला अडकवायला कडीसुद्धा दाखवलेली नाही!! पण पूर्ण चेहरा करायचा असेल तर पारेहाच.

कच्चा_उंबर
हो, तुकड्याची आयडिया मस्त. आता पद्धत सांगतो. पांढऱ्या कॅनव्हासवर थेट सुरू करू नकोस, रॉ अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून आधी सगळीकडे पुसून घे आणि वाळू दे. मग त्याच रंगाने नुसत्या सावल्या भर, डोळे-पापण्या काही नाही, डोळा म्हणजे आत्ता फक्त एक काळपट खड्डा. डोळे बारीक करून मूळ चित्र बघ, जे दोन भाग एक दिसतात ते एकच रंगव. हे वाळलं की रंग चढव, प्रत्येक वरच्या थरात जवसाचं तेल थोडं जास्त, नाहीतर पुढे तडे जातात. खरी मजा गालावर आहे, उजेड संपून सावली सुरू होते तिथली अरुंद पट्टी. तिथे पांढरा घालून रंग फिका करू नकोस, राखाडी होतो, ऑकर आणि लाइट रेडचं प्रमाण बदलत जा. आणि पारेहाची ती लेसची कॉलर शेवटी, जाड रंगाचे मोकळे फटकारे मार, लेस मोजत बसू नकोस.

माणदेशी
सातारला आहेस तर औंधला जा की! यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय आहे, तिथे रवी वर्मांची चित्रं आहेत आणि युरोपियन चित्रांच्या कॉप्याही. चित्रापासून हातभर अंतरावर उभी राहा आणि बाजूने बघ, रंग कुठे जाड कुठे पातळ ते स्क्रीनवर कधीच कळत नाही.

चारकोलवाली
औंध माहीतच आहे पण या नजरेने कधी गेलेच नाही, रविवारी जाते. पारेहा फायनल, नुसतं डोकं आणि कॉलर. कॉपी विकली किंवा कुठे लावली तर चालते का? आणि घरात लहान मूल आहे, वासाचं काय करू?

कोकणी_ब्रश
इतकं जुनं चित्र आहे, कॉपीराइटचा प्रश्न नाही. पण मागच्या बाजूला वेलास्केझवरून कॉपी असं, तुझं नाव आणि तारीख स्वच्छ लिही, आणि साइज मूळपेक्षा वेगळा ठेव. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात बसून कॉपी करणाऱ्यांनाही साइज वेगळाच ठेवावा लागतो. मूळ चित्र साधारण 81 बाय 70 सेंटीमीटर आहे.

वासासाठी टर्पेंटाइन शक्य तितकं कमी, पहिल्या पातळ थरानंतर तेलावरच काम कर, ब्रशही आधी तेलानेच पुसून मग साबणाने धू, आणि खिडकी उघडी. जवसाच्या तेलाची फडकी मात्र चुरगाळून डब्यात कोंबू नकोस, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. बाहेर दोरीवर पसरून पूर्ण कडक वाळव, मगच कचऱ्यात टाक. रंगाच्या ट्यूब आणि पॅलेट मुलाच्या हाताला लागणार नाही इतक्या उंच ठेव.